घाटावरची भरती

मी बेळगावचाच, पण आधी ४ वर्षं गोव्यात किनाऱ्यालगतच्या एका सांडपाणी प्लांटच्या लॅबमधे काढली. तिथं भिंतीवर देवाच्या कॅलेंडरशेजारी भरती-ओहोटीचं वेळापत्रक लावलेलं असायचं, कारण मोठ्या भरतीला जुन्या ड्रेनेज पाइपांच्या जॉइंटमधनं खारं पाणी आत शिरतं आणि मिठातल्या क्लोराइडमुळं सीओडीचा, म्हणजे पाण्यातली घाण मोजायच्या टेस्टचा, आकडा खोटाच चढतो. आता जिल्ह्यातल्याच एका छोट्या प्लांटवर आहे, समुद्र चोर्ला घाटाच्या खाली राहिला.

मागच्या उन्हाळ्यात एका सकाळी ऑपरेटर अण्णा आले, "सर, गाळ बसेना झालाय, वर सगळं गढूळ दिसालंय." लिटरच्या सिलिंडरमधे पाणी भरून ठेवलं. एरवी अर्ध्या तासात गाळ तळाला आणि वर नितळ, त्या दिवशी वर पातळ ताक. मायक्रोस्कोपखाली व्होर्टिसेला शोधले, देठावर उलटी घंटा लावल्यासारखे बारके जीव असतात, ते दिसले की माझा दिवस बरा जातो. नुसते देठ उभे होते. घंटा गायब.

सीओडी लावला, २ तास उकळून टायट्रेशन, रोजच्या ४०-५० च्या जागी १८०. साहेबांना फोन केला तर म्हणाले ब्लोअर वाढवा, म्हणजे टाकीत हवा जास्त मारा. साहेबांकडं सगळ्या दुखण्यांवर ब्लोअर हेच औषध आहे. मला गोवा आठवला म्हणून क्लोराइड लावलं. पिवळ्या द्रावणात सिल्व्हर नायट्रेट थेंब थेंब सोडायचं, विटकरी झालं की थांबायचं, जेवढं जास्त लागेल तेवढं मीठ जास्त, तर ब्युरेट संपत आली तरी आपलं पिवळंच. इथं, साडेसातशे मीटर उंचीवर, भरती!

मग अण्णा आणि मी पाण्यातलं मीठ दाखवणारं कंडक्टिव्हिटी मीटर घेऊन एकेक चेंबर उघडत वर वर गेलो, उन्हात, वासात, लोक नाकाला रुमाल लावून बघालेत. एका चेंबरच्या झाकणाभोवती पांढरी खपली धरलेली. शेजारी बंद पडलेला बर्फाचा कारखाना. बर्फाचे डबे ज्यात बुडवतात तो मिठाच्या पाण्याचा हौद रात्री रिकामा केलेला. राखण करणारे म्हातारे मामा म्हणाले, "गटारातच सोडलं की ओ, रस्त्यावर न्हाई. मीठ काय घाण असतंय?"

मला उत्तर सुचलं नाही. बॅक्टेरिया मीठ खात नाहीत, ते जसं आत येतं तसंच बाहेर जातं, प्लांट कितीही भारी असू दे.

परत येऊन क्लोराइडला बांधून ठेवणारं मर्क्युरिक सल्फेट क्लोराइडच्या दहापट घालून सीओडी पुन्हा केला, ६२ आला. यात लबाडी नाही, पद्धतच ती आहे, खरा सीओडी तेवढाच होता. साहेब खूश. २०१७ च्या केंद्राच्या नियमात आम्हाला पीएच, बीओडी (बॅक्टेरिया खातात ती घाण), टीएसएस (तरंगते कण) आणि फीकल कोलिफॉर्म (विष्ठेतले जंतू) एवढंच बंधन, क्लोराइडला रकानाच नाही. मी रजिस्टरच्या कडेला पेन्सिलीनं ११०० लिहिलं, ते अजून तसंच आहे.

आउटलेटच्या खाली भाजीचे वाफे आहेत, मोटर लावून तेच पाणी उचलतात. संध्याकाळी अण्णा सांगायला गेले, आजचं पाणी घेऊ नका म्हणून. शेतकऱ्यानं विचारलं, "का? टेस्टात फेल झालंय काय?"

"फेल न्हाई," अण्णा म्हणाले.

मोटर चालूच राहिली.