डी. व्ही. : प्रसंगांत अतिशयोक्ती, शिवणीत नाही

आत्मचरित्राच्या पहिल्याच वाक्यात ‘मला स्मरणरंजनाचा तिटकारा आहे’ असे जाहीर करणे आणि त्यानंतर अखंड पुस्तकभर गतकाळाविषयीच बोलत राहणे हा उद्योग फॅशन-संपादिका डायना व्रीलंडच करू जाणोत. फॅशनकार ऑस्कर दे ला रेन्ता यांच्या घरी जेवणाच्या वेळी एका नामांकित साहित्यिक एजंटाने त्यांना सांगितले, की तुमचे सगळे जगच गतकाळात रमलेले आहे. त्यावर बाईंचे उत्तर असे, की पोट भरण्याची प्रत्येकाची आपापली तऱ्हा असते, तेव्हा तुम्ही गप्प बसा. ‘डी. व्ही.’ या पुस्तकाचा सूर या पहिल्या किश्श्यातच लागतो आणि शेवटपर्यंत उतरत नाही.

पुस्तक 1984 मध्ये नॉफ या प्रकाशनसंस्थेने काढले. बाई तेव्हा ऐंशी वर्षांच्या होत्या. रूढ अर्थाने ते त्यांनी लिहिलेले नाही. त्यांचे बोलणे ध्वनिमुद्रित करून जॉर्ज प्लिम्प्टन आणि ख्रिस्तोफर हेम्पहिल या दोघांनी त्यातून हा मजकूर बांधला. त्यामुळे कालानुक्रम जवळजवळ नाही. एखाद्या रंगाविषयी बोलता बोलता बाई लंडनला जातात, तिथून पॅरिसच्या एखाद्या शिवणघरात शिरतात आणि मध्येच एखाद्या राजघराण्यातल्या व्यक्तीच्या बुटांपाशी थबकतात. या रचनेला अनेकांनी विस्कळीत म्हटले असेल, पण सनावळीत बसवले असते तर हे पुस्तक मेले असते, असे माझे मत आहे.

ज्यांना व्रीलंडबाई अपरिचित आहेत त्यांच्यासाठी थोडक्यात : जन्म 1903 मध्ये पॅरिसचा, आई अमेरिकन, वडील ब्रिटिश, माहेरचे आडनाव डॅल्झील. त्यांच्या लहानपणीच कुटुंब न्यूयॉर्कला आले. 1924 मध्ये रीड व्रीलंड या बँकरशी लग्न झाले, दोन मुलगे झाले आणि त्यानंतरची काही वर्षे लंडनमध्ये गेली. 1936 पासून 1962 पर्यंत त्या ‘हार्पर्स बझार’ या फॅशन मासिकात, पुढे 1971 पर्यंत ‘व्होग’ या तशाच मासिकात आणि त्यानंतर 1989 साली मृत्यू होईपर्यंत न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन म्युझियमच्या वेशभूषा विभागाशी जोडलेल्या होत्या.

या पुस्तकाविषयी पहिला आक्षेप नेहमी खरेखोटेपणाचा असतो आणि तो रास्तही आहे. वायोमिंगमध्ये आपल्याला घोड्यावर बसायला घोडेस्वारीच्या खेळांसाठी गाजलेल्या बफेलो बिलने शिकवले, असे बाई सांगतात. पाचव्या जॉर्जच्या 1911 मधील राज्याभिषेकाची मिरवणूक आपण लहानपणी प्रत्यक्ष पाहिली, असेही सांगतात. आपल्या ब्रूस्टर येथील घरावरून प्रसिद्ध वैमानिक लिंडबर्गचे विमान गेले, हा किस्सा सांगून झाल्यावर तर, तो दुसराही कोणी असू शकेल, पण कोणाला पर्वा आहे, अशा अर्थाचे बोलून त्या मोकळ्या होतात. चरित्रकारांना अशा जागा तपासताना घाम फुटला असणार. वाचकाने या पुस्तकाकडे इतिहासाचे साधन म्हणून पाहू नये, हे मान्यच करायला हवे.

मात्र पुस्तक दुसऱ्यांदा वाचताना माझ्या एक गोष्ट ध्यानात आली. बाई माणसांविषयी, तारखांविषयी, स्वतःच्या उपस्थितीविषयी बेधडक वाढवून बोलतात, पण कपड्यापाशी आल्या की त्यांचा स्वर बदलतो. तिथे अतिशयोक्ती थांबत नाही, पण ती नेमकी होते. पॅरिसच्या र्‍यू कांबोनवरील फॅशनकार शनेलच्या इमारतीत सहा जिने चढून त्या कपड्यांच्या मापासाठी जात असत आणि स्वतः कोको शनेल त्यांच्या अंगावर कपडा बसवत असत, त्याचे वर्णन पाहावे. कोकोला मुंढ्याचे वेड होते. बाही जिथे खांद्याला जोडली जाते तो गोलवा तिच्या मनासारखा कधी म्हणजे कधीच उतरत नसे. मग ती कात्रीने बाही उसवी, पुन्हा लावी, पुन्हा काढी, कारागिरांचा जीव मेटाकुटीला आणी. टाचण्या अशा टोचून ठेवी की समोरच्या बाईला अंग वळवता येऊ नये, आणि हे चालू असताना जगण्याविषयीचे तिचे तत्त्वज्ञान तोंडाने अव्याहत चालू असे. ज्यांनी कधी चांगल्या शिंप्याकडे कपडा शिवून घेतला आहे, त्यांना मुंढ्याचे महत्त्व निराळे सांगायला नको. तो नीट बसला नाही तर हात वर करताच सगळा कपडा कमरेपासून वर ओढला जातो, आणि तो नीट बसला तर अंगात काही घातले आहे याची जाणीवही राहत नाही. शनेलवर पुष्कळ लिहिले गेले आहे, पण तिच्या कामाचे मर्म या एका जोडावर बोट ठेवून सांगणारा असा परिच्छेद मी तरी दुसरीकडे वाचलेला नाही.

नाइटगाऊनसाठीसुद्धा आपण तीन-तीनदा माप द्यायला जात होतो, असे त्या दुसऱ्या एका ठिकाणी सांगतात. आज हे वाक्य वाचून हसू येते, पण त्यामागे त्यांचा व्यवसायही होता. लंडनला असताना बाईंनी उंची अंतर्वस्त्रांचे छोटेसे दुकान चालवले होते आणि वॉलिस सिम्पसन ही त्यांच्या गिऱ्हाइकांपैकी एक होती. पुढे राजाच्या सिंहासनत्यागाशी जिचे नाव कायमचे जोडले गेले, त्या सिम्पसनबाईने एका शनिवार-रविवारसाठी तीन नाइटगाऊन शिवायला टाकले, ही गोष्ट व्रीलंडबाई अशा थाटात सांगतात की जणू ब्रिटिश राजघराण्याचा पाया त्यांच्याच दुकानात हलला. राजकारणाचा भाग कितपत घ्यायचा हे ज्याचे त्याने ठरवावे. गाऊनचे वर्णन मात्र मी डोळे मिटून स्वीकारतो.

नोकरीची कथा तर सिनेमात शोभावी अशी आहे. 1936 मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट रेजिस हॉटेलात शनेलचा पांढरा लेसचा पोशाख घालून आणि केसांत गुलाब माळून बाई नाचत होत्या, तेव्हा ‘हार्पर्स बझार’च्या संपादिका कार्मेल स्नो यांनी त्यांना पाहिले आणि लगोलग नोकरी देऊ केली. मी जन्मात कधी ऑफिसात पाऊल टाकलेले नाही आणि दुपारच्या जेवणापूर्वी माझे कपडेही चढवून झालेले नसतात, हे बाईंचे त्यावरचे उत्तर होते. कपड्यांमधले तुम्हाला कळते ना, मग या, असा स्नोबाईंचा एकंदर पवित्रा होता.

तिथे त्यांनी ‘तुम्ही असे का करत नाही...?’ या धर्तीचे सदर सुरू केले. सोनेरी केसांच्या मुलाचे केस उतरलेल्या शॅम्पेनने का धूत नाही, म्हणजे फ्रान्समधल्याप्रमाणे त्यांचे सोने टिकेल, हा त्यातला सर्वांत गाजलेला सल्ला. अमेरिकेत महामंदीची झळ अजून ओसरली नव्हती, त्यामुळे अनेकांना हे सदर संतापजनक वाटले असल्यास नवल नाही. विनोदकार एस. जे. पेरेलमन यांनी 1938 मध्ये ‘न्यूयॉर्कर’मध्ये त्याचे यथेच्छ विडंबन केले. मला स्वतःला त्या सल्ल्यांत उपदेशापेक्षा खोडकरपणा अधिक दिसतो. शॅम्पेनने कोणी मुलांना न्हाऊ घालावे अशी त्यांची अपेक्षा नसावी. वाचणारीने क्षणभर तशी कल्पना करून पाहावी, एवढेच त्यांना पुरेसे होते.

मात्र याच बाईंची एक सूचना पूर्णपणे व्यवहारी होती आणि नेमकी तीच फेटाळली गेली. नोकरीला लागल्यानंतर थोड्याच दिवसांत त्यांच्या डोक्यात आले, की पर्स हा प्रकारच नको. पैसे, लिपस्टिक, पावडर, कंगवा, सिगारेटी हे सगळे कपड्यालाच ऐसपैस आणि नीट बसवलेले खिसे लावून त्यात ठेवावे, म्हणजे बाईचे हात मोकळे राहतील आणि चालही सुधारेल. एक संपूर्ण अंक खिशांना वाहावा असा त्यांचा बेत होता. ज्या सहकाऱ्यापुढे त्यांनी तो मांडला, तो धावत स्नोबाईंकडे गेला. स्नोबाईंनी डायनाला बोलावून विचारले, तुझे डोके ठिकाणावर आहे का, पर्सच्या जाहिरातींतून आपल्याला वर्षाकाठी किती लाख मिळतात ते ठाऊक आहे का? विषय तिथेच मिटला. बाई हा किस्सा स्वतःवर हसत सांगतात, पण फॅशनच्या मासिकात संपादकाची सत्ता कुठे संपते आणि जाहिरातदाराची कुठे सुरू होते, हे त्यात स्वच्छ दिसते. स्त्रियांच्या कपड्यांना धड खिसे का नसतात, ही तक्रार आजही ऐकू येते, तेव्हा मला ही बारगळलेली कल्पना आठवते.

पैशांविषयी पुस्तकात एक जागा आहे, ती वाचकांनी चुकवू नये. ‘हार्पर्स बझार’मध्ये आपला वार्षिक पगार 18,000 डॉलर होता आणि एवढ्या वर्षांत पगारवाढ मिळाली ती 1959 मध्ये, 1,000 डॉलरची, असे बाई नमूद करतात. मासिक चालवणाऱ्या हर्स्ट कंपनीचा पैसा गेला तरी कुठे, तर मालकाने कॅलिफोर्नियात सॅन सिमिऑनला बांधलेल्या गढीत गेला असावा, असा टोमणाही मारतात. उधळपट्टीचे प्रतीक मानल्या गेलेल्या बाईने, लॉरेन बकॉलसारख्या अनोळखी मुलीचा चेहरा मार्च 1943 च्या मुखपृष्ठावर आणून तिला हॉलिवुडचा रस्ता दाखवणाऱ्या बाईने, इतकी वर्षे ठरीव पगारावर राबावे, यातली विसंगती पुस्तक अधोरेखित करत नाही. करायला हवी होती.

खरे तर या पुस्तकात न सांगितलेले पुष्कळ आहे. तुझी बहीण इतकी सुंदर आणि तू इतकी कुरूप, आणि तिचा मत्सर करणारी, हे किती वाईट, अशा अर्थाचे आईचे बोलणे त्या सांगतात खऱ्या, पण एक विनोदी नोंद केल्यासारखे सांगून पुढे सरकतात. याच्या जोडीला त्यांच्या किशोरवयातील रोजनिशी ठेवावी. अमांडा मॅकेन्झी स्ट्युअर्ट यांनी 2012 साली प्रसिद्ध केलेल्या चरित्रात तिच्यातला मजकूर आला आहे. पूजा करावी अशी परिपूर्ण मुलगी आपण कधीपासून शोधत आहोत, ती सापडलेली नाही, तेव्हा आता आपणच ती मुलगी व्हायचे, असा निश्चय 1918 मध्ये चौदा वर्षांच्या डायनाने लिहून ठेवला आहे. हे वाचल्यावर पुढचे सगळे निराळे दिसू लागते. निळसर काळे, चोपून बसवलेले केस, गालांवरच नव्हे तर कानांवरही लावलेली लाली, तांबडी नखे, हातातली लांब सिगारेट-नळी आणि अंगावर बहुधा साधा काळा स्वेटर : या रूपात निसर्गाने दिलेले फारसे काही नाही, सारे घडवलेले आहे. रीडशी लग्न होईपर्यंत मला माझ्या दिसण्याविषयी कधी निश्चिंत वाटले नाही, असे त्या एका वाक्यात सांगतात, आणि पुस्तकातले मला सर्वांत खरे वाटलेले वाक्य तेच आहे.

आपल्या बुटांचे तळदेखील पॉलिश केलेले असले पाहिजेत, हा त्यांचा दंडक याच संदर्भात समजून घ्यावा. बिनपॉलिशचे बूट म्हणजे संस्कृतीचा अंत, असे त्या म्हणत, आणि पॉलिशनंतर चामडे गेंड्याच्या शिंगाने घासले जाई. तळ कोणाला दिसतो? खुर्चीवर पायावर पाय टाकून बसलेल्या बाईच्या समोर बसलेल्या माणसाला दिसतो. त्या क्षणाचीही तयारी करून ठेवणे ही श्रीमंती नव्हे, शिस्त आहे, जरी ती शिस्त पाळायला घरात मोलकरीण लागत असली तरीही.

रंगांवरची पाने तर स्वतंत्रपणे वाचावीत अशी आहेत. पार्क अव्हेन्यूवरील आपल्या घराची बैठकीची खोली त्यांनी सजावटकार बिली बाल्डविनकडून लालच लाल करून घेतली. मला बाग हवी आहे, पण नरकातली, अशी त्यांची मागणी होती. परिपूर्ण लाल आपण आयुष्यभर शोधला, पण रंगाऱ्यांना तो कधीच कालवता आला नाही, ही त्यांची तक्रार आहे. प्रबोधनकाळातील व्यक्तिचित्रांमध्ये एखाद्या मुलाच्या डोक्यावर जी टोपी असते तिचा लाल उतरवावा, हा त्यावरचा त्यांचा तोडगा. ‘गुलाबी हा भारताचा नेव्ही ब्लू’ हे त्यांचे वाक्य अनेकदा केवळ चटकदार म्हणून उद्धृत होते. त्यातले निरीक्षण मात्र पक्के आहे, कारण पाश्चात्त्य कपाटात जो रंग कशावरही चालतो आणि कोणाच्या नजरेत भरत नाही त्याची जागा दुसरीकडे एखादा भडक रंग घेऊ शकतो, हे त्यांनी एका वाक्यात सांगितले. थोडी वाईट अभिरुची तिखटाच्या चिमटीसारखी पाचक असते, माझा विरोध आहे तो अभिरुचीच नसण्याला, हेही त्यांचेच मत, आणि घराच्या भिंतींपर्यंत ते त्यांनी पाळले.

‘व्होग’च्या काळाविषयीची प्रकरणे मला तुलनेने फिकी वाटली. ट्विगी, व्हेरुश्का, पेनेलपी ट्री अशा मॉडेलच्या चाकोरीबाहेरच्या चेहऱ्यांना त्यांनी पुढे आणले, छायाचित्रकार रिचर्ड अव्हेडनला 1966 मध्ये व्हेरुश्कासह जपानच्या बर्फात पाठवून फरच्या कपड्यांची एक दीर्घ चित्रकथा करवून घेतली, आणि हा सारा खर्च अखेर 1971 मध्ये अंगाशी आला. स्त्रियांना ऑफिसात घालता येतील असे कपडे हवे होते आणि मासिक त्यांना स्वप्ने दाखवत होते. त्यांची हकालपट्टी झाली, त्यांच्याच हाताखालच्या ग्रेस मिराबेला यांना संपादकपद मिळाले. एवढ्या मोठ्या घावाविषयी बाई फार आटोपशीर बोलतात. तो संयम आहे की अभिमान, हे मला ठरवता आलेले नाही.

संग्रहालयातील पर्व फॅशनकार बालेन्सियागा यांच्यावरील 1973 च्या प्रदर्शनाने सुरू झाले. रशियन वेशभूषा, हॉलिवुडचे पोशाख, अठराव्या शतकातील स्त्री अशा विषयांवर त्यांनी प्रदर्शने भरवली आणि लोकांची रीघ लागली. अभ्यासकांचे आक्षेपही तितकेच सडेतोड होते : काळाशी न जुळणारे दागिने आणि केशरचना, माहितीपेक्षा थाटाला महत्त्व, आणि 1983 मध्ये हयात असलेल्या व व्यवसायात असलेल्या फॅशनकार ईव्ह सेंट लॉराँ यांचे प्रदर्शन म्हणजे संग्रहालयाच्या खर्चाने जाहिरात. हे आक्षेप मला पटतात. पुस्तकात लिंडबर्गच्या विमानाबाबत जी सूट वाचक हसत देतो, ती संग्रहालयाच्या पाटीला देता येत नाही. पुस्तक निघाल्यानंतर, 1985 मध्ये, त्यांनी भारतीय राजघराण्यांच्या वेशभूषेचे प्रदर्शन मांडले, त्यामुळे त्याविषयी पुस्तकात काही नाही, याची चुटपुट लागते.

पुस्तक वाचायचे असल्यास एका बैठकीत वाचू नये. हा आवाज सलग ऐकला तर दमवतो, आणि श्रीमंतांच्या नावांची सरबत्ती काही ठिकाणी कंटाळवाणी होते, ती पाने खुशाल ओलांडावीत. लाल रंगाचे, शनेलचे आणि खिशांचे प्रकरण आधी वाचावे. स्ट्युअर्ट यांचे चरित्र हाताशी असेल तर उत्तमच, पण ते नंतर उघडावे. आधी उघडले तर प्रत्येक किश्शापाशी तारीख पडताळण्याचा मोह होतो आणि बाईंचे बोलणे ऐकायचे राहून जाते.