बेरोजगारी भत्त्यातील फसवणूक: तपासणी पैसे देण्याआधी हवी

बेरोजगारी भत्त्यातील फसवणुकीचा विषय निघाला की नोकरी लागल्यानंतरही भत्ता घेत राहणारा माणूस बहुतेकांच्या डोळ्यांसमोर येतो. असे लोक असतात, पण त्यांना शोधण्याची सोय जुनीच आहे: अमेरिकेत नव्याने कामावर घेतलेल्या प्रत्येकाची नोंद मालकाला सरकारकडे करावी लागते आणि भत्ता घेणाऱ्यांची यादी त्या नोंदींशी ताडून पाहता येते. मोठी लूट मात्र वेगळ्याच वाटेने होते आणि ती करणाऱ्यांचा बेरोजगारीशी काडीचाही संबंध नसतो.

मार्च 2020 मध्ये अमेरिकेने स्वयंरोजगार करणाऱ्यांनाही भत्ता लागू केला, तेव्हा सुरुवातीला उत्पन्नाचा पुरावा न मागता अर्जदाराचे स्वतःचे निवेदनच ग्राह्य धरले गेले. लोकांच्या घरात पैसा लवकर पोहोचावा हा हेतू योग्यच होता. पण चोरलेली नावे आणि सामाजिक सुरक्षा क्रमांक (अमेरिकेत ओळखीसाठी वापरला जाणारा सरकारी क्रमांक) हाताशी असलेल्या टोळ्यांना आयतेच दार उघडे मिळाले. वॉशिंग्टन राज्याला मे महिन्यात दोन दिवस भत्त्याचे वाटपच थांबवावे लागले. जीमेलच्या पत्त्यात कुठेही टिंब घातले तरी पत्रे एकाच खात्यात येतात, सरकारी संगणक मात्र ते वेगवेगळे पत्ते समजतो. एवढ्याशा फटीतून एकाच टोळीने अनेकांच्या नावे अर्ज भरले. कॅलिफोर्नियात तर तुरुंगातील कैद्यांच्या नावावरही भत्ते निघाले, कारण कैद्यांची यादी अर्जांशी ताडून पाहण्याची व्यवस्थाच तेथे नव्हती. एप्रिल 2020 ते मे 2023 या काळात फसवणुकीत गेलेली रक्कम 100 ते 135 अब्ज डॉलर असावी, असा अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण यंत्रणेचा अंदाज आहे. त्यातली फारच थोडी परत मिळाली.

म्हणूनच पहिला हप्ता सुटण्यापूर्वीची तपासणी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. मृतांची आणि कैद्यांची यादी, इतर राज्यांत त्याच नावाने आलेले अर्ज, एकाच बँक खात्याकडे वळणारे अनेक भत्ते, मंजुरीनंतर अचानक बदललेले खाते, या गोष्टी संगणक क्षणात दाखवू शकतो. आधीच्या मालकाला विचारणा केली की कामावर हजर असलेल्या माणसाच्या नावाने आलेला अर्ज लगेच उघडा पडतो, अर्थात तो मालकच कागदोपत्री उभा केलेला नसेल तर. चेहरा ओळखणारी पडताळणी उपयोगी आहे, पण ज्याच्याकडे चांगला फोन नाही त्याला टपाल कार्यालयात जाऊन ओळख पटवण्याचा पर्याय मिळालाच पाहिजे.

संगणकाने शंका घेणे आणि संगणकाने दोषी ठरवणे यांत मात्र फार मोठे अंतर आहे. मिशिगन राज्यात 2013 ते 2015 या काळात एका संगणक प्रणालीने हजारो लोकांवर फसवणुकीचा ठपका ठेवला आणि त्यांच्याकडून मूळ रकमेच्या चौपट दंड आकारला गेला. कोणाही माणसाने न पाहता केवळ प्रणालीने निकाली काढलेली 22 हजारांहून अधिक प्रकरणे नंतर राज्याने तपासली, तेव्हा त्यांतील 93 टक्के निर्णय चुकीचे निघाले. तोवर लोकांच्या पगारातून आणि करपरताव्यातून वसुली झालेली होती. जास्त दिला गेलेला भत्ता संगणकाच्या हिशेबाने परत वसूल करण्याच्या ऑस्ट्रेलियातील ‘रोबोडेट’ योजनेत कर खात्याकडील वार्षिक उत्पन्न पंधरवड्यांत समान वाटले जाई. अर्धे वर्ष काम करून उरलेले अर्धे वर्ष प्रामाणिकपणे भत्ता घेणारा माणूस त्या हिशेबात उत्पन्न लपवणारा ठरे आणि आपण निर्दोष असल्याचे सिद्ध करण्याचा भार त्याच्यावरच पडे. ही योजना बेकायदेशीर होती, हे पुढे सरकारी चौकशी आयोगानेही 2023 मध्ये स्पष्ट केले.

संशयित अर्जावर अधिकाऱ्याने स्वतः नजर टाकावी, नोटिशीत आरोपाचे नेमके कारण आणि वापरलेली आकडेवारी द्यावी, अपिलाचा निकाल लागेपर्यंत वसुली रोखावी आणि ज्यांच्या नावाचा टोळ्यांनी गैरवापर केला त्यांच्यावर न घेतलेल्या भत्त्याचा कर लादू नये, असे माझे आग्रहाचे म्हणणे आहे. यासाठी प्रशिक्षित माणसे लागतात आणि त्यांची भरती मंदी येण्यापूर्वीच करावी लागते, कारण अर्जांचा लोंढा सुरू झाल्यावर नवख्या कर्मचाऱ्याला खरा अर्ज आणि बनावट अर्ज यांतील फरक शिकवायला कोणालाच वेळ नसतो.