वाड्याची तुळई आणि तूनची बॉडी: गिटारची तिसरी नोंद

मी स्वतः एक इलेक्ट्रिक गिटार बनवतोय. मागच्या नोंदीत मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं की अख्खी गिटार आजोळच्या वाड्याच्या तुळईतून काढणार. तो बेत मोडला.

सदाशिव पेठेतला वाडा पाडला तेव्हा मामाने तुळईचा साडेचार फुटी तुकडा माझ्यासाठी बाजूला काढून ठेवला होता. जुनं सागवान. वरचं काळं रंध्याने उतरवलं की आत तेलकट पिवळा रंग आणि चामड्यासारखा वास. अशा लाकडाची गिटार म्हणजे पाहुण्यांना सांगायला गोष्ट. पण ती गोष्ट खांद्याला लटकवून दोन तास उभंही राहायचं असतं, आणि माझी पाठ आता चाळिशीची आहे.

म्हणून आधी वजन काढलं. तुळईचा एक छोटा ठोकळा कापला, मापं घेतली, स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला. घनता आली घनसेंटिमीटरला 0.68 ग्रॅम. बॉडीचा नमुना आलेख-कागदावर काढून चौकटी मोजल्या: साधारण 950 चौरस सेंटिमीटर. जाडी 44 मिलिमीटर. म्हणजे नुसती बॉडी 2.8 किलोच्या वर. नेक (बोटं फिरतात ती मान), ब्रिज (बॉडीवर तारा टेकतात तो भाग), पिकअप (तारांखालचं चुंबक-वेटोळं), खुंट्या धरून गिटार सव्वाचार किलोला टेकली असती.

मग भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटात गेलो. वखारीतल्या काकांना म्हटलं, हलकं पण न पिळणारं काहीतरी द्या. "काय करायचंय?" "गिटार." त्यांनी क्षणभर बघितलं आणि म्हणाले, "मग तून घ्या की. सतारीला तेच लागतं." मी दोन महिने परदेशी लाकडांचे, अल्डर आणि अ‍ॅशचे भाव बघत बसलो होतो आणि उत्तर सतारी बनवणाऱ्या मिरजेच्या रस्त्यावर होतं! तून म्हणजे महोगनीच्याच कुळातलं झाड. रंग तसाच लालसर, वजन कमी. माझ्या फळीची घनता 0.49 निघाली, म्हणजे बॉडी दोन किलोच्या आसपास. पाऊण किलोहून जास्त वाचले.

आवाजाचं काय, हे विचारणारे विचारतीलच. माझं मत असं: पिकअप तारेची हालचाल चुंबकातून पकडतो, लाकडाचा आवाज ऐकत नाही. अमेरिकन गिटारवादक लेस पॉलने 1940 च्या सुमारास पाइनच्या चार बाय चार इंची ओंडक्यावर तारा ताणल्या आणि गिटार दिसावी म्हणून दोन्ही बाजूंना पोकळ पंख चिकटवले. ओंडका वाजत होताच. लाकडाने थोडाफार फरक पडत असेल, पण पिकअपची उंची दोन मिलिमीटर हलवली की त्याहून जास्त पडतो. बॉडीचं लाकूड मी वजन, स्थिरता आणि स्क्रू धरायची ताकद बघून निवडतो. तून थोडं मऊ आहे, नख लागतं. चालेल.

नेकची गोष्ट वेगळी. तिथे तारांचा ताण रात्रंदिवस असतो आणि पुण्याचा मे कोरडा ठणठणीत, जुलैत भिंतींनाही घाम. कित्येक पावसाळे झेललेली तुळई हलायची ती हलून झाली आहे, म्हणून सागवान तिथे घातलं. तीन पट्ट्या कापल्या, टोकाकडून बघितलं तर वाढीच्या रेषा उभ्या दिसतील अशा. मधली पट्टी उलटी फिरवली, म्हणजे एकीचा पीळ दुसरी अडवेल. डिंकायच्या आधी पृष्ठभाग अ‍ॅसिटोनने पुसून लगेच अ‍ॅराल्डाइट लावलं, कारण सागवानाचं तेल वर आलं की जोड धरत नाही.

इथेच फजिती झाली. तुळईत खिळे असणार हे माहीत होतं, म्हणून जुन्या स्पीकरचं चुंबक दोरीला बांधून पूर्ण लांबीवर फिरवलं. चार खिळे सापडले. पाचवा खोल होता, तो सुतारमामांच्या रंधा मशीनला सापडला. पातं गेलं. मामा काही बोलले नाहीत, फक्त पात्याची किंमत चहाच्या पाकिटावर लिहून दिली. सागवानात सिलिका असते, त्यामुळे पटाशीची धार तशीही पटकन जाते; दर वीस मिनिटांनी दगडावर फिरवावी लागली.

फ्रेटबोर्ड, म्हणजे नेकवरची बोटं दाबायची पट्टी, शिसवीचा. जगभरचे गिटारवाले ज्याला इंडियन रोझवूड म्हणून पैसे मोजतात, ते आपल्याकडे पलंगाच्या उरलेल्या तुकड्यात मिळतं. तुकडा सरळ रेषेचा हवा, एवढंच. स्केल, म्हणजे तारेची वाजती लांबी, फेंडर कंपनीच्या गिटारचं साडेपंचवीस इंच नाही आणि गिब्सनचं पावणेपंचवीसही नाही. मधलं 25 घेतलं, म्हणजे 635 मिलिमीटर. 17.817 ने भागलं की पहिली फ्रेट (स्वरांची आडवी धातूची पट्टी) 35.64 वर, उरलेल्या लांबीला पुन्हा तेच. बारावी बरोबर 317.5 वर आली नाही तर कुठेतरी चुकलंय. प्रत्येक माप नटपासूनच (नेकच्या वरच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीपासून) घ्या, आधीच्या फ्रेटपासून नाही, नाहीतर चुका साठत जातात.

बॉडी हलकी केली की नेक खाली झुकते, हे मला उशिरा सुचलं. आधीच्या आराखड्यात बॉडीला नेकजवळ खालच्या बाजूला एकच कट होता, गिब्सनच्या लेस पॉल गिटारसारखा. आता वरचं शिंग लांब केलंय, पट्ट्याचं बटण बाराव्या फ्रेटच्या रेषेत येईल इतकं. खुंट्याही बंद पेटीच्या जड न घेता उघड्या गिअरच्या मागवल्या. सहा मिळून शंभरेक ग्रॅम कमी. हेडस्टॉक (खुंट्या बसतात ते नेकचं टोक) सपाटच, कारण तुळईतून खिळे टाळून मिळालेली जाडी कोन द्यायला पुरेशी नव्हती. त्यामुळे सगळ्यात बारीक दोन तारांना दाबणारी क्लिप लावावी लागेल. ब्रिज सपाट, त्यामुळे नेकलाही कोन नको.

वायरिंगबद्दल फार नाही: ब्रिजला हंबकर (दोन वेटोळ्यांचा, गुणगुण मारणारा पिकअप), नेकला सिंगल कॉइल (एकाच वेटोळ्याचा), पॉट (आवाजाची बटणं) 500 किलोओहमचे. तपकीर गल्लीतून तांब्याची टेप आणली आहे, कारण सिंगल कॉइल आमच्या ट्यूबलाइटबरोबर सुरात गुणगुणणार हे नक्की.

सध्या नेक क्लॅम्पमधून सुटलीये, सरळपट्टी ठेवली तर खालून प्रकाश दिसत नाही. ट्रस रॉडची (नेक सरळ ठेवणाऱ्या सळीची) खाच पडलीये. 16 मिलिमीटर खोल नेक पॉकेट (नेक बसायची बॉडीतली खाच) या रविवारी, पण आधी भंगार फळीवर दोनदा, कारण तूनचा तुकडा एकच आहे. फिनिशला चपडा (लाखेचं) पॉलिश की तेल, हे ठरत नाहीये. आईचं मत चपडा. वाड्याच्या दारांना तोच होता म्हणते.