आठ पोत्यांचं माप

संत्र्याच्या आंबिया बहाराची तोड सुरू झाली की आमच्या वरूडकडे टायरवाल्याला जेवायला फुरसत नसते. अशाच एका सकाळी डबल केबिनचा पिकअप दुकानासमोर वळला आणि वळतानाच मागचं डावं चाक मडगार्डला खर्रकन घासलं. तो आवाज मला दुकानाच्या आतून ओळखू येतो. टायर कापला जातोय, हे सांगणारा आवाज आहे तो.

गाडीतून बावीस-तेवीस वर्षांचा पोरगा उतरला. समोरच्या कॉइल स्प्रिंग कापलेल्या, मागच्या स्प्रिंगचे दोन पाटे काढलेले, चार चाकं नागपूरहून सेकंडहँड घेतलेली. "काका, फक्त घासणं बंद करून द्या. बाकी गाडी लय भारी दिसते ना?"

दिसत होती, खोटं का बोलू. पण चाकं विकणाऱ्याने त्याला दोनच गोष्टी सांगितल्या होत्या: 20 इंच आहे आणि सहा नटांची 139.7 पीसीडी, म्हणजे नटांच्या भोकांच्या वर्तुळाचा मिमीतला व्यास, जुळते. पीसीडी जुळली की चाक बसतं, एवढ्यावर ही मंडळी धंदा करतात याचा मला मनापासून राग आहे. नट बसणं आणि चाक बसणं यात फार अंतर आहे.

मूळ रिम 7 इंच रुंद, आतल्या बाजूला ईटी 33 कोरलेलं. म्हणजे हबला (अ‍ॅक्सलच्या टोकाचा भाग, ज्यावर चाक बसतं) टेकणारी बाजू रिमच्या मध्यरेषेपासून 33 मिमी बाहेर. नवी रिम 9 इंच, ईटी 12. टायर 245/70 आर 16 चा 275/40 आर 20 झालेला (पहिला आकडा टायरची रुंदी मिमीत, शेवटचा रिमचा व्यास इंचात). कागदावर मांडलं: जुन्या टायरची बाहेरची बाजू हबच्या टेकणीपासून साधारण 89 मिमीवर, नव्याची 125 वर. 36 मिमी टायर बाहेर आला होता. गवंड्याकडून ओळंबा मागवला, मडगार्डच्या कडेवरून सोडला, तर टायर कडेच्या 16 मिमी बाहेर. गाडी खाली दबली की मडगार्डची कड सरळ टायरच्या खांद्यावर येणार. कोणा डेंटरने हातोड्याने ती कड वर वळवायचा प्रयत्नही केला होता. रंगाला तडे गेले होते.

हबचा गोल व्हर्नियरने मोजला तर 100, रिमचं भोक 110. मधल्या कड्या नाहीतच. सगळं केंद्र नटांच्या भरवशावर. लेथवाल्याकडे माणूस पाठवून अ‍ॅल्युमिनियमच्या चार कड्या करून आणल्या. एकेक कडी अंगठ्याने दाबून बसली, ना सैल ना घट्ट. ते काम मला अजून आठवतं आणि बरं वाटतं.

कायद्याचं मी सांगितलं. कंपनीच्या मूळ तपशिलाच्या विरुद्ध गाडीत बदल करायला मनाई करणारं 1988 च्या मोटार वाहन कायद्याचं कलम 52, त्यावरचा सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी 2019 चा निकाल, अपघात झाला तर विमा कंपनी काय म्हणेल तेही. तो मान डोलावत होता आणि मोबाइलवर गाडीचे फोटो काढत होता. परत पाठवता आलं असतं. पण घासणाऱ्या टायरवर त्याला मोर्शीपर्यंत जाऊ द्यायला मन धजेना.

दुपारपर्यंत समोरचं आटोपलं. मागच्यासाठी एक पाटा परत टाकायला लावला. अ‍ॅक्सलला फार वर जाऊ न देणाऱ्या बम्प स्टॉपच्या रबराखाली जाड पट्टी दिली, म्हणजे कड टायरपासून 12 मिमीवर असतानाच अ‍ॅक्सल अडेल. उभ्या गाडीत कड आणि टायर यांच्यात 68 मिमी जागा. पोरगा खूश.

पण रिकामी गाडी मोजून काय उपयोग? शेजारच्या कृषी केंद्रातून युरियाची 45 किलोची पोती उसनी आणली. एक पोतं टाकायचं, मोजायचं, दुसरं टाकायचं, मोजायचं. पोत्यामागे साडेपाच मिमी गाडी बसत होती. आठ पोत्यांना 24 मिमी उरले. दहाव्या पोत्याला अ‍ॅक्सल रबराला टेकला. पुढे झोका घ्यायला जागाच नाही. वरून टायरचा लोड इंडेक्स, म्हणजे तो किती वजन पेलतो त्याचा क्रमांक, 111 चा 106 झालेला. टायरमागे 1090 किलोचे 950, म्हणजे मागच्या दोघांत 280 किलो कमी.

तेवढ्यात त्या पोराचे वडील मोटरसायकलवर आले. धोतर, डोक्याला दुपट्टा, बोटांना संत्र्याचा वास.

"भाऊ, उद्या यात कॅरेट भराची हायेत. चालते ना?"

"किती भरता?"

"पंचवीस-तीस."

कॅरेटमागे वीस-बावीस किलो धरले तर पाचशे ते साडेसहाशे किलो होतात. मी नाही म्हणालो. जुनी चाकं लावून देतो, राहिलेला पाटाही टाकून देतो, मजुरी घेत नाही, असंही म्हणालो. पोराचा चेहरा उतरला. वडिलांनी त्याच्याकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं. "राहू द्या भाऊ. लगन हाये त्याच्या दोस्ताचं. पोट्ट्याले हौस हाये. थोडं थोडं भरू."

मग मी बिलाच्या मागे मोठ्या अक्षरांत लिहिलं: मागे आठ पोती, म्हणजे 360 किलो, त्याहून जास्त नाही. नट 120 न्यूटन मीटरला आवळले आणि 100 किलोमीटरनंतर परत तपासायला या म्हटलं.

नवव्या दिवशी बाजार समितीकडे जाताना तीच गाडी समोरून आली. कॅरेटांचे तीन थर, वर दोरी, केबिनमध्ये चौघं. खड्ड्यात मागून धप्प आवाज आला. रबराचा होता, टायरचा नव्हता. म्हणजे माझी पट्टी काम करत होती. आणि हेच मला खातंय. पट्टी नसती तर पहिल्याच दिवशी टायर घासून धूर निघाला असता आणि त्यांनी वजन उतरवलं असतं. आता घासत नाही, म्हणून चालतंय. मी लिहून दिलेला आठाचा आकडा त्यांनी वाचला असेल की "टायरवाल्याने बसवून दिलं" एवढंच धरलं असेल?

हात दाखवून थांबवायला हवं होतं. मी गाडी बाजूला घेईपर्यंत ते वळणावर गेले होते. वडिलांना दोनदा फोन केला, उचलला नाही. तोडीचा सीझन, शेतात असतील.

100 किलोमीटर तर केव्हाच झाले. नट तपासायला अजून आलेले नाहीत. जुनी चारही चाकं माझ्याकडेच ठेवलीत, हवा भरून.