तुम्ही विचारलंत म्हणून : सारा ऑसबर्नच का?

"आपल्या शिऊरच्या बहिणाबाई सोडून ती न्यूपोर्टची बाई कशाला?" लग्नाच्या पंगतीत विचारलंत, व्याख्यान संपल्यावर चहा पिताना विचारलंत. बहिणाबाईंवर लिहायला माझ्याहून जाणती माणसं आहेत, हे माझं ठरलेलं उत्तर. खोटं नाही, पण पळवाट आहे.

सारा ही अठराव्या शतकातली, अमेरिकेतल्या न्यूपोर्ट गावची एक भाविक ख्रिस्ती बाई. ती मला आवडली, एवढंच खरं. दुसऱ्या नवऱ्याचं दिवाळं निघालेलं, शाळा चालवून घर ओढणारी. १७४४ मध्ये ११ वर्षांचा एकुलता मुलगा गेला, तरी वह्यांमागून वह्या देवाशी बोलत भरत राहिली. १७६७ च्या सुमारास तिच्या घरी आठवड्याला पाचशेवर माणसं प्रार्थनेला जमत, त्यांत गुलामीतले काळे लोकही. ओळखीच्या पाद्र्याने हटकलं, तर तिने लांबलचक पत्र लिहून आपली बाजू मांडली. अशी बाई कोणाला आवडणार नाही?

मग एका चर्चासत्रात मी तिच्यावरचं प्रकरण वाचलं. मागच्या रांगेतून एका विद्यार्थिनीने विचारलं, "मॅडम, बोबीचं काय?"

बोबी हा साराच्या ताब्यातला गुलाम मुलगा. त्याला विकायचं तिने मनावर घेतलं, तेव्हा त्याची आई फिलिस आडवी आली. फिलिस साराच्याच चर्चमधली. मला हे सगळं माहीत होतं. "माझा विषय श्रद्धा आहे, गुलामगिरी नाही," असं काहीतरी मी बोलले. आवाज चढला होता, तो मलाच ऐकू आला. घरी येऊन टिपणांचा डबा उपसला. एका कार्डावर माझंच अक्षर : 'बोबी – नंतर बघू.' खाली दोन रेघा मारलेल्या. चार वर्षांपूर्वीची तारीख.

स्वतःचं मूल गेलेली बाई दुसरीचं मूल विकायला निघते, आणि देवाचं नावही सोडत नाही. मग श्रद्धेचं प्रकरण आणखी कुठलं असतं?

तेव्हाची मी अजून भांडते : मग ढोंगी म्हण आणि मोकळी हो. तेही म्हणवत नाही. तिच्या प्रार्थना मला आजही खऱ्या वाटतात. फिलिसच्या प्रार्थना वाचायला मिळत नाहीत. तिचं जे कळतं ते साराच्या शाईतून.

आणि बहिणाबाई? त्यांचे अभंग मी आजीच्या आवाजात ऐकलेत, पहाटे, अंथरुणात पडल्यापडल्या. तिथं मला काही खुपलं असतं, तर 'नंतर बघू' एवढंसुद्धा मी लिहिलं नसतं.