न आलेली पंचवीस उत्तरं

मी कोल्हापुरातल्या एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतो. ऑगस्ट २०२० मध्ये तास ऑनलाइन घ्यायचं ठरलं. मुलांची तयारी कितपत आहे हे बघायचं काम माझ्या गळ्यात पडलं. आकड्यांचा माणूस ना! मी गूगल फॉर्म केला आणि वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. ७१ पैकी ४६ जणांनी तो भरला, त्यातल्या ४४ जणांनी 'तयार आहे'वर टिक केलं. म्हणजे जवळजवळ ९६ टक्के. विभागप्रमुख खूश, मीही खूश.

रात्री पहिल्या तासाची तयारी करायला बसलो. धडा नमुना निवडीचा, म्हणजे थोड्यांना विचारून सगळ्यांचा अंदाज कसा बांधायचा याचा. त्यात दरवर्षी एक गोष्ट सांगतो. १९३६ साली अमेरिकेतल्या एका साप्ताहिकानं अध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी सुमारे एक कोटी लोकांना मतपत्रिका धाडल्या. पत्ते काढले टेलिफोनच्या आणि मोटारींच्या याद्यांतून. वीस लाखांहून जास्त उत्तरं आली, त्यावरून रूझवेल्ट पडणार असं त्यांनी छापलं. रूझवेल्टनं ४८ पैकी ४६ राज्यं जिंकली. ऐन मंदीत ज्याच्या दारात मोटार आहे, त्याचं मत म्हणजे देशाचं मत नव्हे. शिवाय पत्र परत पाठवणारे वेगळे आणि न पाठवणारे वेगळे.

हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आलोय. आणि इंटरनेट आहे का, हे मी पोरांना इंटरनेटवरून विचारलं होतं! खोलीत दुसरं कुणी नव्हतं म्हणून बरं.

सकाळी हजेरीपत्रक आणि प्रवेश अर्जांची फाइल घेऊन बसलो. फॉर्म न भरलेल्यांचे पंचवीस नंबर. सहा लागलेच नाहीत. एका मुलीच्या अर्जावरचा निघाला गावातल्या झेरॉक्सवाल्याचा. "तिला निरोप मी देतो की, पण संध्याकाळी. आत्ता भांगलायला गेली असंल."

एकीचा फोन भावानं उचलला, मागं मशिनचा खडखडाट. तो गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत कामाला. घरात मोबाईल एकच आणि तो त्याच्या खिशात. "रात्री नऊला घरी येतो सर. मग तिला देतो की." आमचा तास सकाळी दहाला. गगनबावड्याकडच्या पोराच्या घरी तीन दिवस लाईट नव्हती. त्यानं चुलत्याची मोटरसायकल चालू ठेवून मोबाईल चार्ज केला होता, पण बोलायला माळावर यावं लागलं. "सर, पावसात छत्री धरू का वही?" तो हसत होता. मला हसू आलं नाही.

दुपारी उगाच शंका आली म्हणून 'तयार आहे' म्हणणाऱ्यांपैकीही पाच-सहा जणांना फोन लावला. राधानगरीकडच्या एकानं सांगून टाकलं, फॉर्म मित्राच्या मोबाईलवरनं भरला.
"मग तयार आहे म्हणून कशाला लिहिलंस?"
"न्हाई म्हटलं तर नाव कमी करत्यात का काय, असं वाटलं सर."

माझ्या फॉर्ममध्ये प्रश्न होता, 'तुमच्याकडे स्मार्टफोन आहे का?' कुणाचा, किती वाजता, कुठल्या माळावर, हे मी विचारलंच नव्हतं.

तास रात्री साडेनऊला घेऊया म्हटलं, तर स्टाफरूमच्या ग्रुपवर चांगलाच दंगा झाला. तो सोडून देतो. शेवटी दहाचा तास तसाच राहिला आणि मी रात्री दहा-दहा मिनिटांचे ऑडिओ पाठवू लागलो. व्हिडिओपेक्षा नेट कमी खातात. पण सूत्रं आवाजात कशी सांगायची? सिग्मा हे बेरजेचं चिन्ह तोंडानं काढून दाखवता येत नाही.

तोड त्या राधानगरीच्या पोरानंच काढली. "दूधगाडी रोज येत्या की सर. त्यात कागद द्या." लॉकडाउनमध्ये एसटी बंद पडली, दूधगाडी थांबली नाही. दुसऱ्या दिवशी प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला झेरॉक्सचा गठ्ठा टेंपोवाल्याच्या हातात दिला. त्यानं तो रिकाम्या कॅनमागं खोचला.

पाचव्या दिवशी त्याच टेंपोतनं सोडवलेली गणितं परत आली. कागद ओले, शाई जरा फुटलेली. प्रमाण विचलन, म्हणजे आकडे सरासरीपासून किती पांगलेत ते, बरोबर काढलं होतं. खाली लिहिलं होतं, 'सर, पान नंबर सात आलेलं नाही.'