मी गप्प झाले तेव्हा

खिचडीनंतरचा तास सगळ्यात अवघड. तिसरी-चौथी एकाच खोलीत, 34 मुलं, ओल्या हातांनी एकमेकांवर शिंतोडे उडवणारी. शेजारच्या वर्गातून छडी टेबलावर आपटल्याचा आवाज येत असतो. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 नुसार शारीरिक शिक्षेला बंदी आहे, मानसिक त्रासालाही. टेबलावर आपटलेली छडी मुलं अंगावरच घेतात, हे कुणाला सांगायचं?

मी ‘गप्प बसा’ म्हणत नाही. गोंगाटात आणखी एक आवाज वाढतो, इतकंच. खडू ठेवायचा, खिडकीपाशी ठरलेल्या जागी जाऊन उभं राहायचं. त्या जागेवरून एरवी एक शब्दही शिकवायचा नाही. मगच त्या जागेला अर्थ येतो. पुढच्या ओळीतली एखादी मुलगी बघते, शेजारणीला कोपर मारते आणि शांतता एकेका बसकरावरून मागे सरकत जाते. मग बोलायचं तेही हळू, मागच्याला कान द्यावा लागेल इतकं. जो अजून खेळतोय त्याचं नाव घ्यायचं नाही, जवळ जाऊन त्याच्या वहीवर बोट ठेवायचं. हे अंगवळणी पडायला मला दीड वर्ष लागलं. प्रशिक्षणात ते दहा मिनिटांत उरकतात, जोडवर्गाचा तर उल्लेखही नसतो.

त्या दिवशीही वर्ग शांत झाला. फक्त तिसरीत आठवड्यापूर्वी आलेल्या मुलाने दोन्ही हात डोक्यावर घेतले, मान खांद्यांत ओढली. नेहमीसारखी मी जवळ गेले, तसा तो आणखी आक्रसला.

मी त्याच्या शेजारी खाली बसले. “काय झालं रे बाळा?”

बऱ्याच वेळाने म्हणाला, “बाई, आता मारणार ना?”

“का रे?”

“आमचे पप्पा पण आधी गप्प होतात.”

त्याच्या आईला बोलावलं. पदराचं टोक चाळत ती “काही नाही हो बाई” एवढंच म्हणाली. व्हरांड्याच्या भिंतीवर 1098, मुलांच्या हेल्पलाइनचा नंबर, रंगवलेला आहे. दोनदा फोन हातात घेतला, दोनदा ठेवला. आधी त्याचा विश्वास बसू दे, असं मनाला सांगते आहे, पण तोवर रोज संध्याकाळी तो त्याच घरी जातो.

आता खिडकीकडे जाण्याआधी मी टाळ्या वाजवते, दोन संथ, तीन भरभर. मुलं तशाच परत देतात. तोही देतो, माझ्या हातांवरची नजर न काढता. त्याची शेवटची टाळी सगळ्यांच्या मागून येते.